ओरिजिनल पेडल

लोटनरावांचं हे वागणं प्रमिलाबाईंना सोसवत नव्हतं. तीन वर्षं झाली, माणूस अंगणात पोराची जुनी गियरची सायकल उलटी करून तिला गोंजारत बसलेला. ब्रेक सुरतेहून, गियर पुण्याहून, आणि डुप्लिकेट पार्ट आला की तोंड कडू. "सायकल तयार ठेवा, आलो की तोरणमाळचा घाट चढू," असं भूपेंद्र कॅनडाहून एकदा बोलला होता. आता त्याचा फोनसुद्धा दिवाळीलाच येई.

"पेडल उनात का?" आले का म्हणून बाईंनी विचारलं.

"नही वं. ओरिजिनल भेटत नही."

दळणाला दादर ज्वारी काढायला बाईंनी कोठीत हात घातला, तर तळाशी पार्सल लागलं. आत पेडलची जोडी. अक्षरं लावत लावत त्यांनी वरची तारीख वाचली. गेल्या वर्षीची होती.

सायकल पुरी झाली असती, तर पोरगं का येत नाही याला सबब उरली नसती. गल्लीत त्याही तेच सांगत आल्या होत्या, सायकल झाली की येईल म्हणून.

त्यांनी पेडल नवऱ्यापुढे आदळले. 

"भूपेंद्रना बाप, बसाडी टाका. तो येवाव नही, हाई माले बी म्हाईत शे. उगाच मन्ही दादरमा लोखंड दपाडू नका."