दोन बोटांची फट

रंगनाथने अल्टरनेटर उचलून नाकाशी धरला आणि डोळे मिटले. गिऱ्हाइकांना ही त्याची खोड माहीत होती. पान्याला हात लावण्याआधी तो वास घ्यायचा. जळक्या वार्निशचा वास आला तर आतली तार गेली, करपलेल्या ग्रीसचा आला तर बेअरिंग गेलं, आणि नुसत्या ओल्या मातीचा आला तर अजून जीव आहे असं समजायचं. नाशिक रोडला स्टेशनाच्या अलीकडे त्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता, आणि वासाने त्याला कधी फसवलं नव्हतं.

"माती आहे," तो म्हणाला. "जळला नाही. गुदमरलाय."

"म्हंजे जिता हाय," समोर उभी असलेली मुलगी हसून म्हणाली.

मुलगी पंचविशीची असेल. सलवार गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलाने वाळून कडक झालेली. बाहेर उभी असलेली जुनी जीप ती स्वतः चालवत पेठच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरून आली होती. बॅटरी भरणारा अल्टरनेटरच बंद, म्हणून सगळं आहे त्या बॅटरीच्या जिवावर. भुरभुर पावसात वायपरसुद्धा लावला नाही, मान बाहेर काढून आले, असं तिने सांगितलं. आठवड्यातून दोनदा ती नर्सबाईंना आणि लसीच्या पेटीला पाड्यापाड्यांवर न्यायची, एरवी बाजाराची माणसं. पाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला होता. त्याच्यावरचा फरशी पूल दोन वर्षांमागे वाहून गेला, तेव्हापासून गाडी सरळ चिखलात घालायची आणि पलीकडे काढायची. या पावसाळ्यात अल्टरनेटर बंद पडायची ही तिसरी खेप.

रंगनाथने नट सोडवले, झाकण उघडलं. आतून डाळीच्या वरणासारखा घट्ट गाळ निघाला. आतून वीज पोचवणारे दोन्ही कार्बन घासून घासून टिचभर उरले होते. तार मात्र शाबूत होती. तो धुवायला बसला तशी मुलगी स्टुलावर टेकली आणि तिने आपलं खरं काम काढलं.

"काका, आता हा उघडा ठिवू नका. माझ्या बाच्या गाडीला तुम्ही टोपडं शिवलं व्हतं ना, चारी बाजूंनी बंद? तसंच शिवा. बा म्हणतो, पाण्याचा टिपूस जात नव्हता आत."

रंगनाथचा ब्रश थांबला. "कोण तुझा बा?"

"लखन. लखन भोये. त्यानंच पाठवलं. दुसऱ्या कुनाकडं जाऊ नको म्हणाला."

म्हणजे ही लखनची पोरगी, पल्लवी. रंगनाथने मान खाली घातली आणि धुतलेलं झाकण पुन्हा धुवायला घेतलं.

अकरा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. लखन तेव्हा पेठ-नाशिक रस्त्यावर जीप चालवायचा. उमदा गडी, स्टिअरिंगवर बसला की राजा. त्याचाही अल्टरनेटर चिखलाने वरचेवर जायचा. एकदा रंगनाथ इरेला पेटला. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं जाड रबर घेतलं, मापाने कापलं, चप्पलवाल्याच्या दाभणाने शिवलं आणि अल्टरनेटरला असं घट्ट चढवलं की मुंगी शिरणार नाही. लखन ते बघून म्हणाला होता, "मिस्तरी, हे तर तान्ह्या पोराचं टोपडं झालं." नाव तेच पडलं. रंगनाथला त्या दिवशी स्वतःचाच फार अभिमान वाटला होता.

अल्टरनेटरच्या अंगात पंखा असतो. तो वारा ओढतो, म्हणून तो थंड राहतो. हे रंगनाथला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण पाण्याशी भांडायच्या नादात तो वाऱ्याला विसरला.

पाचव्या दिवशी लखनची गाडी घाट उतरताना डोंगराच्या भिंतीवर जाऊन आदळली. नऊ माणसं होती आत. दरीकडे न जाता त्याने गाडी भिंतीला घातली म्हणून नऊच्या नऊ वाचली. लखनचा उजवा पाय मात्र गुडघ्यापासून काढावा लागला. पंचनाम्याला आलेल्यांनी ब्रेक दाबून पाहिला, ब्रेकचं तेल जागेवर होतं. मग लोकांनी ठरवलं, पहाटेपासून गाडी चालवत होता, डुलकी लागली असणार. पुढचं सगळं यंत्र चेपलेलं, त्यात अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटलाय हे कोण बघतो?

रंगनाथने पाहिला होता. भंगारात जाण्याआधी त्या गाडीचा अल्टरनेटर त्याच्याकडे आला. त्याने नेहमीसारखा नाकाशी धरला आणि करपलेल्या ग्रीसचा वास आला. टोपड्यात कोंडून बेअरिंग तापलं, जाम झालं, पट्टा तुटला. आणि त्या जातीच्या जीपमध्ये ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. अल्टरनेटर फिरायचा थांबला की पंप थांबतो. मग एक-दोनदा ब्रेक लागतो, आणि त्यानंतर पायाखालचा ब्रेक दगडासारखा कडक होतो.

त्या दिवशी त्याने ते रबर फाडून मागच्या गटारात टाकलं. कोणाला काही बोलला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अकरा वर्षं गेली. त्यानंतर त्याने जी टोपडी शिवली, त्या प्रत्येकात मागच्या बाजूला दोन बोटं मावतील एवढी फट ठेवली. पार इंदिरानगरातून गाडीवाले यायचे, रविवारी हौसेने चिखलात गाड्या घालणारे, आणि फट पाहून हसायचे. तो त्यांना सांगायचा, पाण्याशी भांडू नका, त्याला जायला वाट द्या. त्यांना ती जुन्या कारागिराची शहाणी गोष्ट वाटायची. ती कुठून आली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

दुपारपर्यंत त्याने नवे कार्बन घातले, बेअरिंग बदललं आणि टोपडं शिवलं. चाकाच्या बाजूने आणि खालून जाड रबर, तळाला पाणी गळायला भोक, आणि पाठीला फट.

पल्लवीने वाकून पाहिलं. "हे उघडंच राह्यलं की काका."

त्याने वाऱ्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही.

"राहू द्या, मी घरी बंद करीन," ती सहज म्हणाली. "ट्यूब हाय आमच्याकडं. बाच्या गाडीचं बंदच व्हतं ना? त्याला कुठं काय झालं? बाचाच डोळा लागला म्हणून, नायतर ती गाडी आजबी चालली असती."

पाऊस लागून राहिलाय असं सांगावं, तशा आवाजात ती हे बोलली. तक्रार नव्हती, दुःखही नव्हतं. घरात सगळ्यांना मान्य असलेली ती गोष्ट होती.

रंगनाथने हात पुसले. मग शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं. पल्लवी बघतच राहिली. तो म्हणाला, "चल, मी येतो. नाल्यातून काढून बघितल्याशिवाय मी काम देत नाही." हे खोटं होतं. चाळीस वर्षांत तो कोणाच्या गाडीबरोबर शहरातल्या गंगापूर नाक्याच्या पुढे गेला नव्हता.

वाटेत पोरगी बोलत होती. बा गेल्यानंतर, म्हणजे बाचा पाय गेल्यानंतर, आई दर हंगामाला सायखेड्याकडे द्राक्षांच्या बागेत कामाला जायची. पल्लवी तिथल्या मालकाच्या पिकअपवर गाडी शिकली. बाने पहिल्यांदा नको म्हटलं, मग तीन दिवस बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी घराच्या पडवीतून ओरडून सांगायला लागला, क्लच सोड, हळू सोड. पण स्वतः गाडीत बसला नाही. आजतागायत नाही. रंगनाथ हूं हूं करत होता आणि त्याचा कान पुढे, बॉनेटकडे होता. अल्टरनेटर नीट गात होता.

घाटात एका वळणावर पल्लवीने गाडी हळू केली, बोटं कपाळाला लावली आणि पुढे निघाली. रंगनाथने भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या काळ्या दगडाला एका जागी पांढरट ओरखडा होता. एवढ्या पावसांनीही तो धुतला नव्हता.

नाला आला तेव्हा त्याने तिला पहिल्या गेअरमध्ये, एकाच चालीने जायला सांगितलं. उड्या मारत गेलं की पाणी उसळतं, म्हणाला, आणि उसळलेलं पाणीच गाळ आत नेतं. चिखल बंपरला लागला, गाडी डुलली आणि पलीकडे निघाली. तिथे त्याने गाडी थांबवायला लावली, कॅनमधलं स्वच्छ पाणी अल्टरनेटरवर ओतलं आणि भोकातून गाळ खाली पडताना तिला दाखवला. "पाण्याने हा मरत नाही," तो म्हणाला. "आत वाळलेल्या मातीने मरतो. बाहेर आलीस की दरवेळी असं न्हाऊ घाल." पल्लवीने मान डोलावली, पण तिची नजर त्या फटीवरच होती.

लखन पडवीत बाजेवर बसला होता. केस पांढरे झाले होते, खांदे तसेच रुंद. कमरेखाली घोंगडी घेतलेली. पल्लवी नंतर म्हणाली, उन्हाळ्यातसुद्धा घेतो, पाय कोणाला दिसू देत नाही. मिस्त्रीला पाहून तो खुलला. बायकोला, कमळाबाईला, चहा टाकायला सांगितला, कुबडी घेतली आणि आधी गाडीपाशी आला. बॉनेट वर होतं. त्याने वाकून बराच वेळ पाहिलं.

"मिस्तरी, हे अर्धंच शिवलं का?" तो हसून म्हणाला. "म्हातारपणी रबर चोराया लागले काय? आपलं मागचं टोपडं कसं व्हतं! पोरीला सांगत असतो मी, माणूस गेला तरी त्याचं काम बोललं पायजे."

रंगनाथने बॉनेटच्या पत्र्याला धरलं. वाटभर जुळवून आणलेलं सगळं बोलणं तो विसरला होता.

"लखन, त्या टोपड्यानंच तुझी गाडी नेली," तो म्हणाला. "वारा जायला जागा नव्हती. बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला, पाठचा पंप थांबला. अल्टरनेटर माझ्याकडं आला होता. मी बघितलं होतं सगळं. सांगितलं नाही."

 नाल्याचं पाणी लांबून ऐकू येत होतं. पल्लवीने बापाकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, आणि हातातला पान्यांचा जुडगा हळूच खाली ठेवला.

"वरच्या वळणाला ब्रेक लागला असेल," रंगनाथ खालच्या आवाजात म्हणाला. "त्याच्या खालच्यालाही लागला असेल. मग दगड झाला असेल."

"तिसऱ्या वळणाला," लखन म्हणाला. तो आठवून सांगत नव्हता. ते कायमचं त्याच्यासमोर असल्यासारखं बोलत होता. "दाबला तर हालंना. अंगाचा भार टाकला. मला वाटलं, पायच झोपला. मग लोक म्हनले, तूच झोपलास. मी म्हणलं, असंल. आपल्याला काय कळतं झोपेतलं."

"पंप गेल्यावर कोणाच्याही पायानं ती गाडी थांबली नसती."

"म्हंजे पायानं दाबला व्हता."

"दाबला होता."

कमळाबाई दारात उभी होती, हातात कपांचं ताट. लखनने तिच्याकडे वळून पाहिलं. "ऐकलं का?" एवढंच म्हणाला. नवऱ्याची चूक तिने अकरा वर्षांपूर्वी पदरात घेतली होती, आणि त्यावरून एका शब्दाने त्याला टोचलं नव्हतं. आता ती नसलेली चूक कुठे ठेवावी, हे तिला समजेना. ती तशीच उभी राहिली. मग पुढे आली, एक कप नवऱ्याच्या हातात दिला, एक मुलीच्या. तिसरा तिने रंगनाथच्या हातात न देता शेजारच्या दगडावर ठेवला आणि आत निघून गेली.

रंगनाथने तो उचलून संपवला. चहा गार होत आला होता. तो न पिण्याचा हक्क आपल्याला नाही, असं त्याला वाटलं.

 लखनने कप बंपरवर ठेवला, कुबडी त्यालाच टेकवली, एका हाताने गाडीला धरलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या फटीत घातली. आत-बाहेर करून पाहिली.

"एवढीच?" त्याने विचारलं.

"एवढीच. कमी करायची नाही."

"पल्लवे," तो म्हणाला, "हिकडं ये. बोटं घालून बघ. हे कधी बुजवायचं नाय. कुनी सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

तिने बोटं घातली. तिची बोटं बारीक होती, तीन मावली.

रंगनाथला डांबरी रस्त्यापर्यंत ती सोडणार होती, तिथून एसटी मिळणार होती. निघताना तो लखनसमोर थोडा थांबला. माफी मागावी असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण तो शब्द फार लहान वाटला. लखननेही 'परत या' म्हटलं नाही. फक्त सांगितलं, नाल्यावर सांभाळून, पोरगी घाई करती.

गाडी वळली तेव्हा रंगनाथने मागे पाहिलं. पाऊस उघडला होता. लखन पुन्हा बाजेवर जाऊन बसला होता. घोंगडी त्याने बाजूला सारली होती. गुडघ्यापाशी संपलेला पाय पडवीच्या कडेला उजेडात तसाच ठेवलेला होता, आणि दिवसभर राबून आलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा, तसा त्याचा हात त्याच्यावर होता.