काहीच न करणारी गोळी

गुणाबाईची बोटं सरळ झाली आणि मूल तालुक्यातल्या एका गावातल्या रोवणीच्या बायांना वेड लागलं. गेल्या साली संधिवातानं तिला धानाचं रोप धरवत नव्हतं. यंदा धानाच्या बांधीत ती सगळ्यांच्या पुढं.

"कोणती गोळी खातेस वं? दे ना मले!" सुगंधाबाईनं तिला चिखलातच अडवलं.

बोटं सरळ केली होती ती शहरात सलाईनमधून दिलेल्या औषधानं. त्यासोबत रोज खायला दिलेली गोळी वेगळीच होती. ती खाऊन ना बरं वाटे, ना वाईट. टोळीत तंबाखू-सुपारीचा खर्रा, चहा, डोकेदुखीची गोळी, सगळं वाटून खायची रीत. गुणाबाईनं ही बिनकामाची गोळी सहा जणींना खुशाल वाटून टाकली.

"माहा गुडघा मोकळा झाला!" मीराबाई दुसऱ्याच दिवशी ओरडली.

नऊ दिवसांनी गावची आशा कार्यकर्ती साधना गोळ्या बघायला घरी आली. डबी रिकामी.

"गोळ्या कुठी गेल्या, गुणाबाई?"

"वाटल्या."

"प्रसाद होय का तो?"

"काऊन ओरडून राह्यली? त्या गोळीनं काहीच होत नाई."

"काही होऊ नये म्हणूनच हाय ते!"

मग साधनानं समजावलं. गुणाबाईच्या रक्तात जुन्या हिपॅटायटिस बी काविळीचा विषाणू निघाला होता, शरीरानं दाबून ठेवलेला. सांध्यांचं औषध रोगाशी लढायची ताकद कमी करतं, मग तो उचल खातो आणि यकृत नासवतो. माणूस मरतोसुद्धा. गोळी त्याला दाबून ठेवते. सलाईन बंद झालं तरी डॉक्टर सांगेपर्यंत ती सोडायची नाही.

"मले कोणी सांगतलंच नाई," गुणाबाई हळूच म्हणाली.

नव्हतंच सांगितलं. शहरातल्या मोठ्या डॉक्टरनं रक्त तपासलं, गोळी लिहिली, फक्त तोंड उघडलं नाही. अंगठा लावणाऱ्या बाईला अक्कल नसते असं धरून चालणाऱ्या या शिकलेल्यांना एक दिवस रोवणीला जुंपलं पाहिजे.

साधनानं त्याच दिवशी नवी डबी आणून गोळी समोर गिळायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सातही जणींना रक्त तपासायला नेलं. गुणाबाईचं यकृत शाबूत होतं, विषाणू अजून दबलेलाच. बाकी सहाही जणी निरोगी निघाल्या. त्यांना लस टोचली.

"गोळीच बरी होती वं," सुगंधाबाई दंड चोळत कण्हली.

आता रोज बांधावर जेवणं झाली की गुणाबाई गोळी तोंडात टाकते. ती गिळेपर्यंत कोणी चिखलात पाय घालत नाही.

"गिळली?"

"गिळली."

"आ कर! जीभ वर!"

"मी का बैल हाव, दात पाहाले?"

"बैल इतका बोलत नाई," मीराबाई तिच्या तोंडात वाकून बघत म्हणते. "गेली पोटात. चला वं, उतरा!"