बटाट्यावरचा फेस

"उठला! फेस उठला!"

अमळनेरजवळच्या एका बंद तेलगिरणीत एकच गलका झाला. मगनबाबांनी तीर्थ ओतताच ताटातल्या बटाट्याच्या पातळ फोडीवर पांढरा फेस फसफसू लागला. बटाटा रांगेतल्या पहिल्या बाईंच्याच घरचा, फोड त्यांच्याच गाठीवर फिरवलेली. संशय कुणावर घ्यायचा?

"हे विष बघा!" मगनबाबा गरजले. "डॉक्टरांच्या मशिनीला दिसतं का? गाठीचं नशीब तीर्थच बोलून दाखवतं!"

मेघा सासूबाईंना खेटून उभी होती. कौतिकबाईंच्या स्तनातली गाठ कर्करोगाची होती. उद्या धुळ्याला ऑपरेशन होतं. पण मागच्या दोन खेपांना इथे त्यांच्याही फोडीवर फेस आला होता. आज आला नाही, तर विष संपलं, चिरफाड नको, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. नवरा, भूषण, आईच्या बाजूने झाला होता. देवपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मेघाचं घरात कुणी ऐकत नव्हतं.

"शेवटच्या खेपेची फोड धुनीवर शुद्ध करायची," बाबा म्हणाले. कौतिकबाईंच्या गाठीवर फिरवलेली फोड धुनीवरच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात बराच वेळ राहिली. मग तिच्यावर तीर्थ पडलं.

एक बुडबुडाही आला नाही.

"निंघी गयं! बठ्ठं इख निंघी गयं!" सगळं विष निघालं या आनंदाने कौतिकबाई रडू लागल्या. "भूषण, धुयाले फोन लाव. येत नही म्हन."

भूषणने फोन काढला. मेघाची नजर मात्र वाफाळत्या पातेल्यावर खिळली होती.

"थांब," ती म्हणाली. तिने तिथल्या टोपलीतला एक कच्चा बटाटा कापला. "बाबा, ही फोड तुमच्या छातीवर फिरवा."

"मला काय धाड भरलीय?"

"मग फिरवा की बाबा!" गर्दीतले सुकदेव आबा ओरडले. "तुम्हाले कसानी भीती?"

बाबांनी नाइलाजाने फोड फिरवली. मेघाने तीर्थ ओतलं. फेस भसाभस वर आला.

"बाबाले बी गाठ शे का?" कुणीतरी हसलं.

"विटाळ झालाय! हिच्या हाताचा!" बाबा ओरडले.

त्याच बटाट्याची दुसरी फोड मेघाने उकळत्या पाण्यात ठेवली, काढली, तीर्थ ओतलं. पुन्हा एकही बुडबुडा नाही.

"आई, हे तीर्थ म्हणजे जखम धुवायचं औषध आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड. कच्च्या बटाट्यात एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. ते या औषधातून प्राणवायू मोकळा करतं, त्याचा हा फेस. उकळलं की विकर निकामी होतं. तुमच्या गाठीचा यात संबंधच नाही."

कौतिकबाईंचा चेहरा उतरला. "मंग मनी गाठ?"

"आहे तिथेच आहे."

"त्या गाठम्हां बी असं काही ऱ्हास का?"

"विकरं असतात. काहींच्या प्रमाणावरून गाठ पुढे कशी वागेल याचा अंदाज येतो का, हे शेकडो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तपासतात. काहींचा उपयोग होतो, काहींचा होत नाही. डॉक्टरही एवढ्यावर ठरवत नाहीत. गाठ केवढी, कुठवर पसरली, तेही पाहतात."

"मी वाचसू का?"

हो म्हणणं किती सोपं होतं!

"मला माहीत नाही, आई. खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण उशीर केला तर संधी कमी होईल, एवढं नक्की."

कौतिकबाईंनी भूषणच्या हातातला फोन खाली केला, पदर सावरला आणि त्या मागे रांगेत उभ्या असलेल्या तरुणीकडे वळल्या.

"फेसना नाद सोड, पोरी. गाठ दाक्तरले दखाड. आजच."