मार्च सहासष्टचं चाक

अमेरिकेतल्या मन्सी गावात व्हर्लिन स्ट्राउडचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षं तो जुनी इंजिनं उघडतोय आणि मिटवतोय. त्याने 'बरं आहे' म्हटलं की पुढे कुणी विचारायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती. त्या रविवारी सकाळी बेकर रोडच्या रेसपट्टीवर तपासणी करणाऱ्या माणसाने रॉस्को टॉलिव्हरच्या गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "व्हर्लिनची सही आहे ना? मग जाऊ दे," म्हणाला आणि काचेवर नंबर चिकटवून पुढच्या गाडीकडे गेला.

व्हर्लिनला वाटलं, वाकला असता तर बरं झालं असतं मेला.

रॉस्कोची गाडी होती सहासष्ट सालची. पुढे चारशे सत्तावीस घनइंचांचं व्ही-आठ इंजिन, त्याच्या डोक्यावर दोन अजस्र कार्बोरेटर. सुरू केलं की एका लयीत चालेल तर शपथ. अडखळायचं, खाकरायचं, मध्येच पायाखालची जमीन हलवायचं. असलं इंजिन बनवणाऱ्यांनी पेट्रोलचा विचार केला नव्हता की शेजाऱ्यांचा. त्यांना फक्त ताकद हवी होती, आणि ती त्यांनी बीड न् पोलाद ओतून उघड्यावर मांडून ठेवली. म्हणून तर पन्नास-साठ वर्षांनंतरही म्हातारी माणसं बॉनेट उघडलं की टोप्या काढून गप्प उभी राहतात. चर्चमध्ये तरी कुठे इतकी गप्प असतात?

आणि या मंडळींचा एक हट्ट असतो. कारखान्यातून आलं ते आणि तेवढंच. नळी नाही बदलायची, पट्टा नाही बदलायचा, बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्याच सालची हवी. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक आरसा आणि बॅटरी घेऊन सांदीकोपऱ्यातल्या तारखा वाचतात. रॉस्कोने अकरा वर्षं एकेक भाग जमवला होता. राहिलं होतं फक्त फ्लायव्हील. म्हणजे इंजिनच्या पाठीला बसतं ते बिडाचं जाडजूड चाक. क्लच त्याच्यावरच दाबून बसतो, आणि चालवणाऱ्याचे पाय त्याच्यापासून हातभरही लांब नसतात. गाडी कारखान्यात जोडली गेली सोळा मार्चला, तेव्हा चाक त्याच्या थोडं आधी ओतलेलं हवं. पोलादी चाक बसवलं असतं तर कुणालाही दिसलं नसतं, कारण जोडणी झाली की ते आतच राहतं.

"पण मला माहीत असेल ना," रॉस्को म्हणायचा. यावर काय बोलणार?

ते चाक शेवटी व्हर्लिननेच शोधलं, ओहायोतल्या एका बंद पडलेल्या गॅरेजात, चार वर्षांच्या पायपिटीनंतर. अंगावर ओतीव तारीख होती, चार मार्च सहासष्ट. म्हातारा व्हर्लिन तिथेच जमिनीवर बसून हसत सुटला होता.

घरी आणून त्याने ते साफ केलं, दोरीने आढ्याच्या हुकाला टांगलं आणि छोट्या हातोडीने टिचकी मारली. बीड धड असेल तर घुमतं. हे घुमलं नाही. 'ठक्' म्हणालं आणि थांबलं. त्याने दोरी बदलली. जागा बदलली. पुन्हा ठक्. पृष्ठभागावर केसांसारख्या बारीक रेघा होत्या. त्या तर क्लच तापून पडतातच, सगळ्याच जुन्या चाकांवर असतात, असं त्याने स्वतःला समजावलं. रॉस्कोचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "बरं आहे." झालं. दोन शब्द. त्यानंतर चार महिने त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

असं चाक वेगात फुटलं तर काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या तरुणपणी एका पोराचा घोट्याखालचा पाय गाडीतच राहिला होता. पोराला आधी बाहेर काढलं, पाय नंतर.

आणि गाडी चालवणार होती डार्ला. रॉस्कोची एकुलती एक मुलगी, तीस वर्षांची, शाळेच्या बसेस दुरुस्त करणारी. रॉस्कोचा डावा गुडघा नवीन बसवलेला. या गाडीचा क्लच दाबणं त्याच्याने होण्यातलं नव्हतं.

सकाळची पहिली फेरी तिने हळूच मारली. परत आली तेव्हा गाडीभोवती ही गर्दी. एकजण डोळे मिटून नुसता ऐकत उभा होता. डार्ला हेल्मेट काढून व्हर्लिनजवळ आली.

"अंकल व्हर्लिन, इंजिन चार हजार आरपीएमच्या वर गेलं की क्लचचं पेडल तळव्याला गुदगुल्या करतं. असं करतं का हे?"

व्हर्लिन काही बोलायच्या आत रॉस्को हसला. "नाडी आहे ती म्हाताऱ्या इंजिनाची. तू बसेसच्या इंजिनांत वाढलीस, तुला काय कळणार? आता पुढच्या फेरीला साडेसहा हजारांपर्यंत ताण. लोक त्यासाठीच आलेत."

"तुम्ही म्हणाल तसं, डॅड."

"रॉस्को," व्हर्लिन म्हणाला, "आजच्यापुरतं पुरे कर. एक फेरी झाली, सगळ्यांनी पाहिली."

"का रे लेका? घाबरलास? सही तुझीच आहे."

सही आपलीच आहे, हेच तर दुखणं होतं. आता तोंड उघडलं तर चाळीस वर्षांचा शब्द मातीत. उद्यापासून गावातला प्रत्येकजण आपापल्या इंजिनाकडे संशयाने बघणार, आणि त्यांचं काय चुकलं? रॉस्को तर पुन्हा उंबऱ्यात उभा करायचा नाही. व्हर्लिन काँक्रीटच्या ओट्यावर बसला. समोर कुणी सॉसेज भाजत होतं, तिकडे त्याने पाठ फिरवली. त्याने मनाशी म्हटलं, साठ वर्षं टिकलंय, अजून एका फेरीचे बारा सेकंद टिकेल. मग त्याला स्वतःचीच किळस आली.

कर्ण्यावर टॉलिव्हरचं नाव पुकारलं. डार्लाने गाडी सुरुवातीच्या रेषेकडे नेली. टायर तापवायला मागची चाकं पाण्यात फिरवून धूर काढला, आणि इंजिनचा आवाज चढला तशी कठड्यावरची माणसं उठून उभी राहिली. त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, दात खाल्ल्यासारखा. तो ओळखणारे कान तिथे एकाच माणसाचे आहेत, असं व्हर्लिनला वाटलं.

तो उठला, कठडा ओलांडला आणि सरळ गाडीसमोर जाऊन उभा राहिला. सुटायचे दिवे लावणारा शिव्या देत होता. व्हर्लिनने दोन्ही हात बॉनेटवर ठेवले आणि मान हलवत राहिला. डार्लाने इंजिन बंद केलं.

"आत्ताच्या आत्ता बाहेर ये, पोरी. फ्लायव्हीलला तडा आहे. मी ठोकून पाहिलं होतं. घुमलं नव्हतं. मी खोटं बोललो."

डार्ला उतरली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हे. तोवर रॉस्को लंगडत येऊन पोचला.

"तमाशा लावलाय सगळा," तो फणकारला. "घुमलं नाही म्हणे. मला काय ते ठाऊक नाही? तू आणून दिलंस त्या दिवशी मीही टांगून ठोकलं होतं."

व्हर्लिनने बॉनेटवरचे हात काढून घेतले.

"मग?" डार्लाने विचारलं.

"मग काय? मला वाटलं, आपलेच कान गेले असतील. व्हर्लिन म्हणाला बरं आहे. तो म्हणतो म्हणजे बरंच असणार. चार मार्चचं चाक आहे ते, डार्ला. दुसरं मिळत नाही."

"म्हणजे दोघांनीही ऐकलं होतं."

मागच्या रांगेतल्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

डार्ला गाडीला वळसा घालून गेली आणि तिने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "ठीक आहे. मी चालवते. साडेसहा हजारांपर्यंत ताणते, तुम्हाला हवं तसं. बसा डॅड, माझ्या शेजारी."

"वेडी आहेस का? माझा गुडघा—"

"या बाजूला क्लच नसतो, डॅड."

तिने दार धरून ठेवलं होतं. वडील नुसते बसले असते तरी तिने गाडी सुरू केली नसती, एवढं व्हर्लिनला तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं. तिला फक्त ते बसतात का, हे पाहायचं होतं.

रॉस्कोने आतल्या सीटकडे पाहिलं. मग सीटच्या पुढ्यातल्या जमिनीकडे पाहिलं, जिथे माणसाचे पाय येतात. तो एक पाऊल मागे सरला.