निबंध वाचला असे गृहीत धरू

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव दोन ठिकाणी छापलं होतं. एकदा तिसऱ्या दिवशी 'निबंधवाचन' याखाली, आणि एकदा सगळ्यात शेवटी 'भोजनव्यवस्था' याखाली. दुसरं मला न विचारताच छापलं होतं.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी समग्रलक्षी अर्थशास्त्राची कार्यशाळा भरली होती. साऱ्या देशाचं उत्पन्न, साऱ्या देशाची बेकारी, साऱ्या देशाची महागाई एका नजरेत घेणारं हे शास्त्र. नागपूर, वर्धा, अमरावतीहून विद्यार्थी आले होते. सगळे पुरुष. मी एकटीच बाई, आणि त्यात गावातली. मग काय, पुंडलिकराव सरांनी कोठीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "शोभाताई, तुम्ही घरच्याच," म्हणाले. घरच्या माणसाला मजुरी नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

पुंडलिकराव सर माझे मार्गदर्शक. माझा प्रबंध हातमागाच्या उत्पन्नावर होता आणि त्यातल्या तिसऱ्या प्रकरणावरून आमचं दोन वर्षं वाजत होतं. ते प्रकरण बायांचं होतं. माग चालतो तो आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यावर, आणि धोट्यात सुताच्या कांड्या भरलेल्या नसतील तर तो लाकडाचा तुकडा. त्या कांड्या भरतात घरच्या बाया. साडी विकली की विणणारा कामगार ठरतो आणि त्याची कमाई देशाच्या उत्पन्नात जाते. कांड्या भरणारी कुठेच जात नाही.

हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं. शिरगणतीवाला घरी आला तेव्हा माझे सासरे मागावर होते. माझ्या सासूकडे, कौशल्याबाईंकडे, बोट करून त्यानं विचारलं, "या काय करतात?" सासरे म्हणाले, "ते घरीच राह्यते. काई नाई करत." त्या वेळी ती त्यांच्याच मागाच्या कांड्या भरत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. पण मला प्रबंधाला विषय हवाय म्हटल्यावर तीच म्हणाली, "हे लिय. अन् तुया वाटच्या कांड्या मी भरीन, तू शिक." दोन वर्षं ती दोघींचं काम एकटी ओढत होती.

सरांचं म्हणणं, हे प्रकरण काढा. "घरकामाला उत्पन्न म्हणू लागलो तर उद्या अंगाईगीतही धरावं लागेल," म्हणाले आणि स्वतःच हसले. मी काढत नव्हते, ते सही करत नव्हते. आता एकच वाट उरली होती. कार्यशाळेला मुंबईहून जे पाहुणे प्राध्यापक आले होते, ते आमच्या विद्यापीठाच्या संशोधन समितीवर होते. सगळ्यांसमोर त्यांनी ते प्रकरण ऐकलं आणि राहू द्या म्हटलं, की सरांची बोलती बंद. निबंध म्हणून मी तेच प्रकरण वाचणार होते. माझं सगळं त्या अर्ध्या तासावर होतं.

पहिले दोन दिवस मी व्याख्यानं ऐकली ती दारातून. स्वयंपाकाला ललिताबाई होत्या, पण चहा मी न्यायचा, पोळ्या मी मोजायच्या, पाहुण्यांना तिखट चालत नाही हेही मीच ध्यानात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा पाहुणे विनोद सांगत होते. "गृहीत धरा, एका प्राध्यापकानं आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं. काय होईल? देशाचं उत्पन्न घटेल! काम तेच, पण पगार बंद!" सगळा हॉल हसला. पुंडलिकराव सरांच्या डोळ्यांत पाणी आलं हसता हसता. हसत हसतच पाहुण्यांनी माझ्या ट्रेमधला कप उचलला. असा संताप आला, पण गिळला. म्हटलं, उद्या माझी पाळी आहे.

उद्याची पाळी कशी आली ते सांगते. जेवणाआधीचा शेवटचा निबंध माझा. माझ्या आधी नागपूरचा एक पठ्ठ्या चलनपुरवठ्यावर बोलायला उभा राहिला तो खाली बसेचना. त्याला कुणी थांबवलं नाही. फळ्यावर वक्ररेषा काढ, पूस, पुन्हा काढ. तो बसला तेव्हा पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना वरठी स्टेशनावरून गाडी पकडायची होती. मी कागद घेऊन उठले होते. तेवढ्यात सर माइकवर आले.

"वेळेअभावी शोभाताईंचा निबंध वाचला असे गृहीत धरू. शोभाताई, पानं मांडायला घ्या."

आणि टाळ्या वाजल्या. न वाचलेल्या निबंधाला टाळ्या! पाहुण्यांनीही वाजवल्या.

तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच व्हरांड्यात गेले, सतरंज्या अंथरल्या, पळसाच्या पत्रावळी मांडल्या. सगळे येऊन बसले, सर आणि पाहुणे मधोमध. ललिताबाईंनी भाताचं घमेलं उचललं तशी मी त्यांना हातानंच थांबवलं. मिठाचं वाडगं घेतलं आणि पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या पानावर मीठ वाढलं. आमच्याकडे पानावर मीठ पडलं की माणूस जेवल्याशिवाय उठत नाही. उठला तर वाढणारीचा अपमान आणि अन्नाचाही. मग मी वाडगं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि कमरेला खोचलेले कागद काढले.

"जेवण वाढलं असं गृहीत धरा," मी म्हटलं, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, थट्टा आहे. दुसरं पान उलटलं तेव्हा हसणं थांबलं.

"काय करून राहिल्या तुमी?" सर खालच्या आवाजात म्हणाले. माइकवरची भाषा गळून पडली होती. "पाहुणे उपाशी बसून राहिले!"

"पाहुण्यांनी ऐकावं म्हणूनच वाचते," मी म्हटलं.

ललिताबाई घमेल्यावर झाकण ठेवून त्याच्या शेजारी बसल्या. मी वाचत राहिले. साडी विणायला जेवढा वेळ जातो, जवळजवळ तेवढाच तिच्या सुतावर आधी बायांचा गेलेला असतो. साडी विकली जाते तेव्हा बायांचा तो वेळ विणणाऱ्याच्या नावावर चढतो. देशाचं उत्पन्न मोजणारे त्या वेळालाही विणणाऱ्याचीच मजुरी म्हणतात. उदाहरण म्हणून कौशल्याबाईंचा एक दिवस दिला होता, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा. तो मी नावासकट वाचला. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? कुणी बोटानं मीठ चिवडत होतं, कुणी कोठीकडे पाहत होतं. उठलं मात्र कुणी नाही. शेवटचं वाक्य वाचलं आणि पाहुण्यांकडे पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "जेवणानंतर बोलू."

मी वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. पाहुण्यांनी बुंदी दोनदा मागून घेतली. हात धुतले, रुमालाला पुसले. जीप उभीच होती. मी पायरीपर्यंत गेले तर मागे वळून म्हणाले, "भोजन उत्तम होतं हं." आणि बसले. धुरळा खाली बसायच्या आत सर शेजारी आले. "तिसरं प्रकरण काढा, नाही तर दुसरा मार्गदर्शक शोधा. आजच्या या तमाशानंतर तुमाले कोण घेते, ते मीबी पायतो."

घरी गेले तेव्हा सासू चरख्यावर कांड्या भरत होती. सूत हातातून सुटू न देता तिनं विचारलं, "वाचलं का वो?"

"वाचलं. सगळं."

"मायं नाव?"

"तेही वाचलं."

तिचा चेहरा उजळला. "मंग? काय म्हनला तो मुंबईवाला?"

"भोजन उत्तम होतं म्हणाला."

चरखा थांबला. माझ्यावर ती कधी आवाज चढवत नसे, लग्न होऊन आल्यापासून एकदाही नाही.

"म्हंजे तू त्याले जेवू घातलं?"

"हो आई. वाचून झाल्यावर."

"त्यानं तं अजून उत्तर नोयतं देल्लं!" ती ओरडली. "मंग तू वाढलं कायले?"