तेजाची रांग

"ऊठ! कुबडी टाक आणि ऊठ!"

बंद पडलेल्या गोदामाच्या पत्र्याखाली पाच-सहाशे माणसं श्वास रोखून बसली होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकूंनी काखेतली कुबडी बाजूला टाकली, कठड्याला हात न लावता तीन पायऱ्या चढल्या आणि थेट व्यासपीठावर जाऊन उभ्या राहिल्या. महिन्यापूर्वी याच काकूंना माझ्या दुकानाची एक पायरी चढायला दोन माणसं लागायची. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्र्यावरची कबुतरं उडून गेली.

"काकू, गुडघ्यात काय होतं?" पुडीबाबांनी माइक पुढे केला.

"दुखणं होतं, बाबा."

"चूक! गुडघ्यात शंका होती. शंका जाऊन सांध्यात बसते. पुडीने काय केलं? शंकेला हाकलून दिलं!"

शंका सांध्यात बसत असती तर माझी हाडं कधीच आखडून गेली असती. मी औषध विक्रेता. तीस वर्षं नाक्यावर दुकान चालवलं. कोणी चमत्काराची गोष्ट सुरू केली की मी काउंटरवर कोपर टेकवून विचारायचो, "पुरावा काय?" त्यावरून गल्लीने माझं नावच 'पुराव्या' पाडलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडायचं.

बाबांची पुडी करड्या रंगाची होती आणि भयंकर कडू होती. त्यावरही बाबांचं उत्तर तयार. "कडू लागली तर समजा, श्रद्धा कच्ची आहे!" त्यामुळे माणसं तोंडं वेडीवाकडी करत "गोड आहे हो, गोड आहे" म्हणत पुडी गिळायची. काही रविवार पुडी घेतली की चेहऱ्यावर तेज येतं, असंही बाबा सांगत. ते मात्र खरंच यायचं. गाल भरायचे, चेहरा गोल आणि तुकतुकीत व्हायचा. अशा भाग्यवंतांना बाबा सगळ्यात पुढे बसवत आणि त्या रांगेला 'तेजाची रांग' म्हणत. तिथले चेहरे हळूहळू इतके सारखे दिसायला लागले की सगळी एकाच घरातली वाटावीत.

त्या रांगेत माझी ताई बसायची.

आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती, मी नऊ. तिने लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं आणि औषधशास्त्राचं शिक्षण दिलं. दुकानाचा परवाना भिंतीवर लावला तेव्हा त्याची चौकट तिनेच आणली होती. पुढे संधिवाताने तिची बोटं वाकडी केली. दवाखान्याच्या गोळ्यांनी गुण येत होता, पण सावकाश. मग शेजारणींनी तिला पुडीबाबांकडे नेलं. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्यासमोर आली, सुईत दोरा ओवून दाखवला आणि म्हणाली, "हा घे पुरावा, पुराव्या! आता बोल की!"

मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली. त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे तिच्या चौथ्या रविवारी, मी तिला आणायला गोदामात गेलो. काकूंचा तो चमत्कार त्याच दिवशी पाहिला. गर्दी टाळायला मागच्या दाराने निघालो, तर पडदा बाजूला सरकला होता. आत एक मिक्सर, करड्या पुडीची परात आणि तिच्याशेजारी निळ्या झाकणाचा पांढरा डबा. डब्यावर गोल चिठ्ठी चिकटवलेली होती: 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.'

ती चिठ्ठी माझ्या दुकानाची. दुसरं कोणतंही दुकान ती लावत नसे. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डब्यावर मी ती स्वतःच्या हाताने चिकटवायचो.

बाबांचा चष्मेवाला शिष्य माझं नेहमीचं गिऱ्हाईक होता. "वृद्धाश्रमासाठी हव्यात," म्हणून तो हजार गोळ्यांचे डबे न्यायचा. त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, कायदाच तसा आहे. पहिल्यांदा त्याने कसलीशी झेरॉक्स दाखवली. दुसऱ्यांदा मी मागितली नाही. समोर मोठं चकचकीत दुकान निघाल्यापासून माझ्याकडे माशा मारायची वेळ आली होती. वृद्धाश्रम कुठे आहे, तिथे डॉक्टर कोण, एवढं साधं मी विचारलं नाही. जगाला पुरावा मागणारा मी, आणि माझ्याच काउंटरवर माझी वाचा बसली होती.

चौथ्या रविवारी मला सगळं कळलं. त्या दिवशी बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मी बोललो नाही, शिष्याला डबेही देत राहिलो. बोलायचं म्हणजे आधी स्वतःचं नाव सांगायचं. परवाना जाणार, खटला होणार आणि गल्ली हसणार. ताईचा चेहरा दर रविवारी थोडा अधिक गोल होत गेला. मी तिच्यासमोर बसून जेवायचो आणि नजर ताटातून वर काढायचो नाही. "अरे, तुला माझं तेज बघवत नाही वाटतं," ती चिडवायची. नंतर तिच्या हातावर नुसत्या धक्क्याने काळेनिळे डाग उमटायला लागले, कातडी पातळ झाली. अठराव्या रविवारनंतर मला ते सहन होईना.

तेव्हा मी फार हुशारी केली. शिष्याला सांगितलं, "माल येत नाही. कंपनीकडेच टंचाई आहे." तो दुसऱ्या दुकानांत गेला. तिथे सगळ्यांनी त्याच्याकडे चिठ्ठी मागितली. सगळ्या बाजारात न विचारता देणारा मी एकटाच होतो, हेही मला तेव्हाच कळलं. पण डबे बंद झाले आणि मला वाटलं, सुटलो. कोणाला काही न सांगता पाप धुऊन निघालं.

त्या गोळ्यांच्या प्रत्येक डब्यात एक कागद असतो. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: औषध अचानक बंद करू नये. हे वाक्य मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. आणि शेकडो माणसांचं औषध मीच एका दिवसात बंद करून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात लोकांना चक्कर येऊ लागली, उलट्या सुरू झाल्या, अंगातली शक्ती गेली. पुडी चालूच होती, पण आता ती नुसती झाडांच्या मुळ्यांची पूड होती. विसाव्या रविवारी बाबा गरजले, "कोणीतरी शंकेखोर आपल्यात शिरलाय! त्याने पुडीचा गुण मारला!" ताईला न्यायला आलेल्या माझ्याकडे, पुराव्याकडे, पाच-सहाशे माना वळल्या. तेवढ्यात तेजाच्या रांगेतून ताई पुढे कोसळली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातावरचे डाग पाहिले. बीपी लागत नव्हतं. "अंदाजाने इंजेक्शन देतेय," नर्सला सलाईन लावायला सांगत त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सकाळपासून असे गोल चेहऱ्याचे सहा पेशंट आले. सगळे पुडीवाले. पुडीत काय आहे, कोणी सांगेल का? कोणती गोळी, किती, कधीपासून? त्याशिवाय बाकीच्यांना काय द्यायचं, किती द्यायचं, मी कसं ठरवू?"

मी परवान्याचा विचार केला. बहीण समोर पांढरीफटक पडली होती आणि मी भिंतीवरच्या त्या चौकटीचा विचार केला. असेल अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट मला अजून खातं.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "गोळ्या मीच दिल्यात."

त्यांनी पेन उघडलं. "हे केसपेपरवर जाईल. औषध खात्याला आणि पोलिसांनाही कळवावं लागेल. तुमच्या नावासकट."

"लिहा."

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाई आणि मी गोदामात गेलो. दारात पोलीस उभे होते, शिष्याला आदल्या दिवशीच उचललं होतं. बाबा मात्र माइक सोडायला तयार नव्हते. "बघा, आले शंकेचे दलाल!" डॉक्टरीणबाई शांतपणे व्यासपीठावर चढल्या आणि त्यांनी माइक घेतला.

"पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या दळून घालत होते," त्या म्हणाल्या. "हे औषध वाईट नाही, मीही देते. सांध्यांची सूज झटक्यात उतरते, म्हणून कुबड्या सुटल्या. पण ते मोजून द्यावं लागतं. यांनी मिक्सरमध्ये घातलं आणि चमच्याने वाटलं. कोणाच्या पोटात किती गेलं, हे बाबांनाही माहीत नाही. तुम्ही ज्याला तेज म्हणता, ती औषधाने आलेली सूज आहे. आपलं शरीर असाच एक रस स्वतः तयार करतं. बाहेरून आयता मिळाला की ते काम सोडून देतं. मग पुडीतलं औषध अचानक थांबलं की शरीराकडे काहीच उरत नाही. म्हणून तुम्ही पडताय. शंकेने कोणी पडत नाही."

लोक कुजबुजू लागले. मग तेजाच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. पोस्टातल्या काकूंचे यजमान. त्यांच्या हातात काकूंची कुबडी होती. काकू घरीच तीन दिवस उलट्या करत राहिल्या, 'श्रद्धा कमी पडली' म्हणत दवाखान्यात जायला तयार झाल्या नाहीत, आणि गुरुवारी वारल्या.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पुरावा काय?"

तीस वर्षं हा प्रश्न मी लोकांना मजेत विचारत आलो होतो. मी पिशवीतून निळ्या झाकणाचा डबा काढला, दुकानात उरलेला शेवटचा. त्यावरची चिठ्ठी त्यांना वाचायला दिली. "असाच डबा पोलिसांना आत मिक्सरपाशी मिळालाय. हीच चिठ्ठी, माझ्याच हातची. पुरावा मी आहे, काका. मी विकल्या. कळल्यावर गप्प बसलो. आणि कोणाला न सांगता बंद केल्या, म्हणून काकू गेल्या."

त्यांनी चिठ्ठी वाचली आणि डबा माझ्या हातात परत दिला. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. कुबडीवर भार देत ते सावकाश दाराबाहेर गेले, आणि त्यांच्यामागून एकेक माणूस उठून डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी नाव सांगायला उभा राहिला. बाबांचा माइक चालूच होता, पण समोर ऐकायला कोणी नव्हतं.

बाबा आता कोठडीत आहेत. माझा परवाना गेला, खटला उभा आहे, आणि होईल ती शिक्षा मला मान्य आहे. ताई घरी आली. तिला गोळ्या मोजून, हळूहळू कमी करत देतात. चेहऱ्यावरची सूज उतरतेय, बोटं पुन्हा आखडली आहेत.

परवा तिने विचारलं, "तुला कधी कळलं रे?"

"चौथ्या रविवारी."

"आणि मी पडले कितव्या?"

"विसाव्या."

तिने वाकड्या बोटांवर मोजायचा प्रयत्न केला, जमेना. "सोळा," मीच सांगितलं. ती सुई आणि दोरा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "एवढं ओवून दे. आणि हे सगळं लिहून काढ. बाबाला शिव्या घालून मोकळा होऊ नकोस, सोळाच्या सोळा रविवार लिही."

म्हणून हे लिहिलं. पुडी कोणतीही असो, देणाऱ्याला विचारा: यात काय आहे, किती आहे, किती दिवस घ्यायचं, थांबवायचं कसं? बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, काउंटरमागे उभ्या असलेल्या माझ्यासारख्यालाही विचारा. ज्याला प्रश्नाचा राग येतो त्याच्या हातचं काही घेऊ नका. घेतलं असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी दवाखाना गाठा. आणि काउंटरमागे तुम्हीच उभे असाल आणि पडद्याआडचा डबा तुम्हाला दिसला असेल, तर पाचव्या रविवारची वाट बघू नका.