प्रोकोलोची काच

टीव्हीवर आपलं गाव, पोत्सुओली, दिसलं की एर्मेलिंदा आवाज बंद करून शेंगा सोलत बसे. खाडीखालचा महाज्वालामुखी फुटला तर अर्धा युरोप अंधारात जाईल, असं कुणी विद्वान सांगत असायचा, आणि त्याच्या पाठीमागे तिच्याच गल्लीतली माणसं निवांत कॉफी पीत उभी असायची. अडुसष्टाव्या वर्षीही तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. वडिलांचा नव्हता, मग तिचा कुठून असणार?

मार्च सत्तरमध्ये ती चौदा वर्षांची होती. समुद्रालगतच्या टेकडीवरल्या रिओने तेर्रा वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. जमीन फुगून बंदराचा धक्का वर आला, होड्या चिखलात बसल्या आणि एका सकाळी सैनिक ट्रक घेऊन दारात हजर. तिच्या आईने, राकेलेने, घेवड्याचं भांडं चुलीवर तसंच ठेवलं, कारण संध्याकाळी परतायचंच होतं. पण वस्तीला कुलूप लागलं ते लागलंच. ज्वालामुखी काही फुटला नाही. जागा लाटायला सरकारने उभा केलेला बागुलबुवा, असं तिचा बाप प्रोकोलो मरेपर्यंत म्हणत राहिला. आई मात्र त्या भांड्याबद्दलच बोलायची. त्या जिन्यांवरचा ओल्या जाळ्यांचा वास एर्मेलिंदाला अजून आठवतो.

त्र्याऐंशीत जमीन पुन्हा वर आली आणि त्यांनी नंतर घेतलेल्या, खालच्या गल्लीतल्या या घराच्या भिंतीला तडा गेला. अशा वेळी इथली माणसं तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवतात आणि खाली तारीख लिहितात. काच तुटली, तर भिंत हलली. प्रोकोलोनेही बसवली. दर रविवारी चर्चमधून आला की तो ती नखाने वाजवायचा.

"राकेले, ऐक. ठणठणीत आहे."

मग आई निर्धास्तपणे स्वयंपाकाला लागायची. निम्मी गल्ली घरं सोडून गेली, हे राहिले.

काल संध्याकाळी मोठा धक्का बसला, गेल्या चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा. सकाळी मुलगी मारिलेना धावत आली. तिची चार वर्षांची नोएमी आजीकडेच झोपायची, त्या काचेच्याच खोलीत. अग्निशामक दलाला बोलावून घर तपासून घे, असं मारिलेना सांगत होती. पण ज्यांनी बोलावलं त्यांना दुपारपर्यंत घर रिकामं करायला लावलं होतं. म्हणून बाकीची गल्ली तड्यांपुढे कपाटं सरकवून गप्प बसली होती, आणि एर्मेलिंदानेही रात्री अंधारातच, भिंतीकडे न पाहता कपाट सरकवलं होतं.

"सत्तरमध्येही असंच म्हणाले होते," ती म्हणाली. "तुला पुरावाच हवा ना? चल, हात लाव."

दोघींनी कपाट बाजूला ओढलं. काच शाबूत होती. खाली वडिलांच्या अक्षरात तारीख होती, जानेवारी चौऱ्याऐंशी. एर्मेलिंदाने ती नखाने वाजवली.

"ऐकलंस?"

मारिलेना काचेकडे पाहत नव्हती. वीतभर डावीकडे कालच्या धक्क्याने गिलाव्याचा मोठा पोपडा गळून पडला होता. आत बोट जाईल एवढा तडा होता, आणि त्यावर एकाखाली एक काचेच्या चार पट्ट्या. चारही मधोमध तुटलेल्या. प्रत्येकीखाली तेच अक्षर: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मग हा तडा गिलाव्याखाली दडवून पाचवी काच त्याने चांगल्या भिंतीवर बसवली होती, जिथे ती कधीच तुटणार नव्हती.

एर्मेलिंदा पलंगावर टेकली. बाबांना सगळं ठाऊक होतं. आईला दुसऱ्यांदा चुलीवरून उठवायची त्यांची छाती झाली नाही, एवढंच. चाळीस वर्षं तीही तीच काच वाजवत आली होती, आणि त्या भिंतीला उशी लावून आता नोएमी झोपत होती. वडिलांचा राग यावा असं तिला फार वाटलं. पण आठवत राहिला तो रविवारी ती टणटण ऐकल्यावरचा आईचा चेहरा.

"आजी, मी वाजवू?" दारातून नोएमीने विचारलं.

"नको, राणी. ती खोटी आहे."

तिने स्वतः अग्निशामक दलाला फोन लावला. दुपारी माणसं आली, तडा पाहून एकमेकांकडे पाहिलं आणि तासाभरात निघा म्हणाली. मारिलेना कपडे भरू लागली. एर्मेलिंदा स्वयंपाकघरात गेली. घेवडा अर्धा शिजला होता. तिने गॅस बंद केला, झाकणावरून फडकं घट्ट बांधलं आणि ते गरम भांडं पोटाशी धरून जिना उतरली.